निळी गाडी आणि आईचा गुडघा

त्या दिवशी आईला आमच्या गाडीतून बाहेर काढायला तीन माणसं लागली, आणि त्यातला एक जण फक्त सूचना देत होता.

उरलेल्या दोघांतला एक मी आणि दुसरा आमच्या इमारतीचा वॉचमन. आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते आणि ती फिजिओकडून व्यायाम करून परत आली होती. तिथे ती अजिबात ओरडत नाही, असं फिजिओ कौतुकाने सांगे. गाडीतून उतरताना मात्र ती सगळ्यांचा उद्धार करी. त्यात तिची चूक नव्हती. आमच्या गाडीची सीट जमिनीपासून जेमतेम दीड वीत उंच. बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग पाय आत टाकायचे आणि मग डोळे मिटून स्वतःला सोडून द्यायचं. बसणं एक वेळ जमतं, कारण त्यात गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं. उतरताना ते पक्ष बदलतं.

"डावा हात पाठीखाली घ्या," सूचना देणारे गृहस्थ म्हणाले. "वजन मध्यावर आणा. काटा सरळ राहिला पाहिजे."

हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वजनमापे खात्यात निरीक्षक होते, तिथूनच निवृत्त झाले. सगळी इमारत त्यांना 'वजनमापे' म्हणते आणि तेही ओ देतात.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" आई आतून म्हणाली.

"पोतं बरं आजी," वॉचमन घाम पुसत म्हणाला, "त्याला धरायला कान तरी असतात."

हा सगळा वेळ माझी बायको स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसली होती. आई एकदाची उभी राहिली, काठी हातात आली, तेव्हा ती म्हणाली, "आपण गाडी विकून टाकूया."

दूध संपलंय, हे ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती गाडी माझी नव्हतीच. कागदावर माझी होती, पण खरी तिची. दिसायला साधी, लांबोडकी, निळी, मागे भरपूर सामान मावेल अशी. कुणी पाहिलं तर म्हणेल, सहलीला जाणाऱ्या सज्जन कुटुंबाची गाडी. पण पुढच्या झाकणाखाली आठ सिलिंडरचं इंजिन होतं. ती सुरू झाली की पहिल्या मजल्यावरच्या आमच्या कपाटातल्या बश्या किणकिणत. माझी बायको शाळेत भूमिती शिकवते आणि रस्त्यावरही भूमितीच करते. वळण दिसलं की तिचा चेहरा शांत होतो, त्रिज्या कळल्यासारखा. मी स्वतः पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढतो, आणि गाडीही साधारण आमच्या नळाच्या पाण्यासारखीच चालवतो. येते, पण दाब नसतो.

अठरा वर्षांत आम्हाला कधी तिसऱ्या माणसाने विचारलं की गाडी कोण चालवतं, तर मी नुसता हसत असे. त्या हसण्याचा लोक जो अर्थ काढत, तो मी खोडून काढला नाही. एवढाच काय तो माझा अप्रामाणिकपणा.

तर ती म्हणाली, विकूया. आता मुलगी शिकायला बाहेरगावी. शाळा चालत दहा मिनिटांवर. गल्लीत सहा गतिरोधक, त्यातल्या प्रत्येकावरून गाडी तिरकी न्यावी लागे, तरी पोट घासायचंच. आणि आठवड्यातून तीनदा आईचा हा सोहळा. उंच सीटची एखादी चौकोनी गाडी घेतली की प्रश्न मिटत होता.

"तुला वाईट नाही वाटणार?" मी विचारलं.

"आईंच्या गुडघ्यापेक्षा जास्त नाही," ती म्हणाली, आणि वह्या तपासायला बसली. त्या संध्याकाळी तिने नववीच्या अख्ख्या वर्गाला कडक मार्क दिले असं पुढे कानावर आलं.

जाहिरातीचा मसुदा मी केला. 'घरगुती वापरातली, अत्यंत वेगवान.' वजनमाप्यांनी तो चष्मा लावून वाचला.

"घरगुती आणि वेगवान एका ओळीत आलं की लोकांना संशय येतो," ते म्हणाले. "दोन्हीतलं एक काढा. आणि गाडीचं खरं वजन घाला. वजन लिहिलं की माणूस विश्वास ठेवतो."

मी वजन घातलं. बायकोने कागद हातातून घेतला, सगळं खोडलं आणि लिहिलं, 'गाडी विकणे आहे. चालवता येत असेल तरच फोन करावा.'

पहिल्या दोन दिवसांत अकरा फोन आले, आणि त्यातले नऊ भांडायला होते. "आम्हाला चालवता येतं की नाही हे विचारणारे तुम्ही कोण?" असा एकंदर सूर.

रविवारी एक कुटुंब आलं. सात जण. प्रत्येक जण आळीपाळीने स्टिअरिंगमागे बसला, प्रत्येकाचा फोटो निघाला. दोनदा चहा झाला. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी आमच्या स्वयंपाकघरातल्या फरश्यांची चौकशी केली, मग आमच्या आईच्या गुडघ्याची, मग बाथरूम कुठे आहे याची. जाताना कुटुंबप्रमुख म्हणाले, "छान आहे. पण आम्हाला लाल हवी होती."

त्यानंतर एक तरुण आला. त्याला आत बसायचं नव्हतं, बघायचं नव्हतं. "फक्त सुरू करा," म्हणाला. सायलेन्सरपाशी उकिडवा बसून त्याने फोनवर आवाज टिपून घेतला, माझे आभार मानले आणि निघून गेला. आठ दिवसांनी भाजी घेताना कुणाच्यातरी खिशात आमची गाडी सुरू झाली. मी दचकून मागे सरलो आणि टोमॅटोच्या ढिगावर बसलो. ते टोमॅटो मला घ्यावे लागले.

तिसरे गृहस्थ मात्र खरे गिऱ्हाईक वाटले. पांढरेशुभ्र कपडे, हळू आवाज, खिशात टेप. मागची सीट आडवी करून त्यांनी आतली लांबी मोजली. मग स्वतः आत जाऊन पाय लांब करून आडवे झाले, डोळे मिटले, जरा वेळ पडून राहिले.

"एका माणसाला अगदी आरामशीर," ते उठून म्हणाले.

"कॅम्पिंगला जाता वाटतं?" मी कौतुकाने विचारलं.

"नाही. आमचा शवपेट्यांचा आणि वाहतुकीचा व्यवसाय आहे."

बायकोने फक्त एक प्रश्न विचारला. "तुमच्या गिऱ्हाइकांना कसली घाई असते?"

त्यांनी एकदा आडव्या केलेल्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेही खरंच," आणि टेप गुंडाळून निघाले. जाताना त्यांनी मला आपलं कार्ड दिलं. वजनमाप्यांनाही दिलं. वजनमापे दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

एव्हाना महिना होत आला होता. आई गाडीतून निघतच होती, शिव्या वाढतच होत्या, आणि वॉचमनची कंबर धरली होती. अशात एका मंगळवारी आई व्यायामाहून परत आली ती गाडी विकूनच.

"कुणाला?" मी विचारलं.

"डॉक्टरांना. माझ्या फिजिओला. रविवारी येतायत बघायला."

मग कळलं की आई तिथे ओरडत का नाही. गुडघा वाकवताना कळ आली की ती गाडीबद्दल बोलायला लागे. कळ जितकी मोठी तितकी गाडी वेगवान. एवढ्या दिवसांत तिचं त्या माणसाला घाटातली प्रत्येक वळण, सुनेने कुठे कुणाला मागे टाकलं, कसं टाकलं, सगळं सांगून झालं होतं. ही बाई मागच्या सीटवर नेहमी डोळे मिटून बसलेली असायची. मला वाटायचं, घाबरते.

रविवारी फिजिओ आला. दाराएवढा उंच माणूस, पंजे फावड्यासारखे, आणि आवाज मात्र बालवाडीतल्या बाईंसारखा मऊ. गाडीभोवती तो एकदा फिरला. हात लावला नाही. मला तो आवडला. पण मला आवडून उपयोग नव्हता. बायको हाताची घडी घालून उभी होती.

"वळणावर ब्रेक कधी मारता?" तिने विचारलं.

"वळणाआधी."

"आणि वळणात?"

"वळणात मारायची वेळ आली, तर आधीच काहीतरी चुकलं म्हणायचं," तो म्हणाला.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षं ती मला जे सांगत होती ते एक परका माणूस आमच्या दारात उभा राहून, न अडखळता, पूर्ण वाक्यात म्हणाला होता. दोघं चक्कर मारायला गेली. पाऊण तासाने परत आली तेव्हा दोघांचेही केस उभे होते आणि चेहरे नुकत्याच आंघोळ केलेल्या मुलांसारखे.

"यांना देऊया," ती म्हणाली, आणि पायऱ्या चढून वर गेली. मागे वळून पाहिलं नाही.

आता फक्त कागद राहिले होते. 'फक्त कागद' हे शब्द ज्याने कुणी पहिल्यांदा एकत्र वापरले, तो वाहन नोंदणी कार्यालयात कधी गेला नसावा.

खिडकी क्रमांक चारवरचे कारकून पुस्तकातून नजर न काढता म्हणाले, "रंग?"

"निळा."

"इथे राखाडी आहे."

"मग तिथे चुकलंय."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मी त्यांच्या घरच्यांबद्दल काही बोललो असेन असं त्यांच्या नजरेवरून वाटलं. "इथे चुकत नाही. गाडी रंगवली असेल तुम्ही."

"अहो, हात नाही लावला! पहिल्यापासून निळीच आहे."

"मग रंग न बदलल्याचा अर्ज करा. सोबत पुरावा जोडा, की गाडी पहिल्यापासून निळी होती."

"आणि अर्जाचा नमुना?"

"रंग बदलल्याचा आहे. न बदलल्याचा नाही. आजवर कुणी न बदलून आलेलं नाही."

घरी येऊन आम्ही जुने फोटो बाहेर काढले. अठरा वर्षांत आम्ही त्या गाडीसमोर किमान दोनशे फोटो काढले असतील, आणि एकाही फोटोत गाडी नव्हती. म्हणजे होती, पण पुढच्या झाकणावर मुलगी, दारासमोर आई, मागच्या बाजूला मी, आणि उरलेल्या जागेत पिशव्या. शेवटी एक फोटो सापडला. गाडी अख्खी, एकटी, डोंगरावर. फक्त त्या दिवशी धुकं होतं.

वजनमाप्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन निरखला. "यात तर राखाडीच दिसते," ते म्हणाले. "मला वाटतं, तुम्ही हा त्यांना दाखवू नये."

मी दाखवला. माणसाने प्रामाणिक असावं असं मला त्या आठवड्यात फार वाटत होतं. कारकून म्हणाले, "बघा," आणि फोटो ठेवूनच घेतला. आता उपाय एकच उरला होता. गाडी प्रत्यक्ष निरीक्षकांपुढे उभी करायची. गुरुवारी, सकाळी दहाला. मालकाने स्वतः आणायची.

गुरुवारी शाळेत परीक्षा होती. बायको निघताना एवढंच म्हणाली, "दुसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ नका. आणि तिला घाबरू नका, तिला लगेच कळतं."

नोंदणी कार्यालय घरापासून सहा किलोमीटर. मी पहिल्या गिअरमध्ये गेलो. इंजिन सारखं गुरगुरत होतं, एखाद्या पैलवानाला बालवाडीच्या रांगेत उभं केल्यासारखं. वाटेत एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं, मग थांबून विचारलं, "काका, काही बिघडलंय का? धक्का देऊ?" मी मान ताठ ठेवून नाही म्हणालो.

निरीक्षक कडक होते. त्यांनी सांगितलं, "बॉनेट उघडा, नंबर बघायचाय."

मी एक खटका ओढला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. दुसरा ओढला, मागचं दार उघडलं. तिसऱ्या प्रयत्नात काचेवर पाणी उडालं आणि ते निरीक्षकांच्या शर्टावर गेलं. रांगेतल्या एका बाईंना माझी दया आली. त्या आल्या, खाली वाकल्या आणि एका हाताने बॉनेट उघडून परत आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

"गाडी तुमचीच ना?" निरीक्षकांनी शर्ट झटकत विचारलं.

पण मला उत्तर द्यावं लागलं नाही. त्यांनी आत पाहिलं होतं. ते बोलायचे थांबले. मग त्यांनी हात करून शेजारच्याला बोलावलं, त्याने आणखी दोघांना. पाच मिनिटांत ते कार्यालय ओस पडलं आणि सगळे कर्मचारी आमच्या गाडीत डोकं घालून उभे राहिले. खिडकी क्रमांक चारही आले होते.

"आठ," कुणीतरी पुटपुटलं. "खरोखर आठ."

"तुम्ही चालवता ही?" निरीक्षकांच्या आवाजात आता आदर होता. शर्ट अजून ओला होता, पण आदर होता.

अठरा वर्षांचं ते हसू माझ्या ओठांवर आलंच. पण सहा किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये काढून माणसात काहीतरी फरक पडतो. "नाही," मी म्हणालो. "माझी बायको चालवते. मला बॉनेटसुद्धा उघडता येत नाही."

कुणी हसलं नाही. निरीक्षकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खिडकी क्रमांक चारनी गाडीभोवती एक फेरी मारली, उन्हात डोळे बारीक केले आणि म्हणाले, "निळी आहे की हो." मग आत जाऊन त्यांनी पुस्तकात राखाडी खोडून निळा लिहिलं, वर शिक्का मारला. तीन आठवड्यांचं काम एका मिनिटात झालं.

शनिवारी बायकोने गाडी स्वतः धुतली. कुणालाही बादली धरू दिली नाही. फिजिओ आला, किल्ली घेतली, दोन्ही हातांनी घेतली, आणि गेला. कोपऱ्यावर आवाज ऐकू येईनासा झाल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मी मागे उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं.

"नवी गाडीही चांगली आहे गं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "उंच आहे."

खरोखर उंच होती. पांढरी, चौकोनी, फ्रीजसारखी, आणि आवाजही फ्रीजचाच. सोमवारी आई तिच्यात नाटकाच्या पहिल्या रांगेत बसावं तशी जाऊन बसली, फिजिओच्या दारात स्वतःच्या पायांनी उतरली. वॉचमनने सुटकेचा निःश्वास सोडला. एका तासाने ती तितक्याच सहज परत आली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, बुधवारपासून तुम्ही येऊ नका. मीच घरी येईन."

"का?"

"त्यांना गाडी चालवायला निमित्त हवंय. सगळ्या म्हाताऱ्या पेशंटांना सांगितलंय त्यांनी, घरी येतो म्हणून."

मी खुर्चीवर बसलो. ही बातमी वजनमाप्यांना सांगायची नाही असं मी ठरवलं, पण आईने ती जिन्यातच सांगून टाकली होती.

"म्हणजे," वजनमापे संध्याकाळी येऊन म्हणाले, "जिला नेण्या-आणण्यासाठी तुम्ही गाडी विकलीत, तिच्याकडे आता तीच गाडी येणार. दोन्ही पारडी रिकामी."

बुधवारी बश्या किणकिणल्या. फिजिओ वर आला, किल्ली टेबलावर ठेवली, बाही सारली आणि आईचा पाय हातात घेतला. बायको खिडकीशी उभी होती. खाली बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो, आणि आई, गुडघ्यातून कळ जात असतानाही, आम्हा दोघांकडे.

"डॉक्टर," आई म्हणाली, "गाडी चुकीच्या जागी लावलीत. तिथे पाण्याचा टँकर येतो."

"अरे! मग हलवतो."

"तुम्ही माझा पाय सोडू नका, आत्ता कुठे वाकलाय. ही हलवेल."

बायकोने किल्ली उचलली. गाडी हलवून ती परत आली तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. गाल लाल, केस उभे.

"हलवली?" फिजिओने मऊ आवाजात विचारलं.

"हो."

"बरीच हलवली वाटतं," तो म्हणाला, आणि आईचा दुसरा व्यायाम सुरू केला. आमच्याकडे पाण्याचा टँकर येत नाही, हे मी बोललो नाही.

पुढे आठवड्यातून तीनदा गाडी चुकीच्या जागी लागत राहिली. शुक्रवारी मीही शेजारी बसून जायला लागलो. मी आता डोळे मिटत नाही. निदान वळणाआधी तरी मिटत नाही.

चार महिने असे गेले. काल फिजिओने आईचा उजवा गुडघा पूर्ण वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. आई हूं की चूं करेना.

"आजी," तो उठत म्हणाला, "झालं. आता तुम्हाला माझी गरज नाही. उत्तम गुडघा आहे."

बायको किल्ली हातात घेऊन दाराशीच थांबली होती. तिने ती हळूच परत टेबलावर ठेवली.

आईने टेबलाकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. मग साडी सारखी करून नीट टेकून बसली.

"हे उजव्याचं झालं," ती म्हणाली. "डाव्याचं काय?"

"डाव्याला काय झालंय?"

"ते मी कसं सांगू? डॉक्टर तुम्ही आहात."

फिजिओ पुन्हा खाली बसला. त्याने आईचा डावा पाय त्या मोठ्या पंजात घेतला, अलगद वाकवला. तो कुठेही न अडता पुरता वाकला. त्याने सरळ केला, पुन्हा वाकवला, आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

"अवघड आहे," तो म्हणाला. "सहा महिने तरी लागतील."

आम्ही वळून पाहिलं तर टेबलावर किल्ली नव्हती, आणि कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या होत्या.